काहिलीखालचा जाळ आणि अहवालातला रकाना

केंद्र सरकारच्या एका विभागाने ऊर्जाबचत करणाऱ्या औद्योगिक भट्ट्यांवरील संशोधनासाठी प्रस्ताव मागवले, तेव्हा मी आमच्या यंत्र अभियांत्रिकी विभागातर्फे गुऱ्हाळाच्या चुलवाणाचा, म्हणजे उसाचा रस आटवायच्या मोठ्या कढईखालच्या (काहिलीखालच्या) भट्टीचा, प्रस्ताव पाठवला. अर्जात बॉयलर, फर्नेस, ओव्हन आणि ड्रायर एवढेच पर्याय असल्यामुळे चुलवाण मुकाट्याने ‘इतर’ या रकान्यात गेले. वास्तविक एका आदणाला, म्हणजे एका खेपेला, सुमारे हजार लिटर रस घेऊन त्यातले आठशे लिटर पाणी अडीच-तीन तासांत उडवणारी भट्टी औद्योगिक नाही असे कोणी म्हणणार नाही. पण दिल्लीत गूळ हा खाद्यपदार्थ असतो, उद्योग नसतो.

अनुदान मंजूर झाले आणि पहिला हप्ता मार्चच्या शेवटच्या आठवड्यात खात्यावर दिसू लागला. बाहेरच्या माणसाला यातली गोम लक्षात येणार नाही. हल्लीच्या पद्धतीत ३१ मार्चला न खर्चलेली रक्कम परत जाते, आणि कोल्हापूर भागातली बहुतेक गुऱ्हाळे त्याच सुमारास बंद होत असतात. म्हणजे पैसा येतो तेव्हा जाळ नसतो आणि जाळ असतो तेव्हा पैसा नसतो. धुरातले वायू मोजणारे उपकरण सर्वांत कमी बोलीच्या पुरवठादाराकडून घ्यावे लागले. त्याचा कार्बन मोनॉक्साइडचा सेन्सर चिपाडाच्या, म्हणजे रस काढून उरलेल्या वाळक्या उसाच्या, धुरात पहिल्याच आठवड्यात निकामी झाला. पैसा ठरल्या कामी खर्च झाल्याचे ‘१२-अ’ नमुन्यातले उपयोगिता प्रमाणपत्र मात्र वेळेवर आणि निर्दोष गेले, कारण त्यात उपकरण चालते का, हे विचारलेले नसते.

प्रत्यक्ष चाचणी पुढच्या हंगामात, जानेवारीत, करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर झाली. त्या चुलवाणाबद्दल मला आजही अभिमान वाटतो. जुन्या चुलवाणात चिपाड नुसत्या जमिनीवर जळते, तोंडातून हवी त्याच्या कितीतरी पट हवा आत ओढली जाते आणि ती सगळी हवा तापवून आपण धुराड्यातून आकाशाला दान करतो. आम्ही खाली बिडाची जाळी बसवून राखेच्या खड्ड्यातून मोजकी हवा दिली, तोंडाला झडप लावली, आतून उष्णतारोधक विटांचे अस्तर केले आणि काहिलीच्या तळाला पोलादी पट्ट्या वेल्ड करून ज्वाळेला भिडणारे क्षेत्रफळ वाढवले. धुराड्याच्या बुडाशी बसवलेल्या थर्मोकपलवरचा तापमानाचा आकडा जुन्या चुलवाणापेक्षा बराच खाली आलेला पाहून माझा संशोधन सहायक अक्षरशः नाचला. चिपाडाची प्रत्येक मोळी आम्ही तोलून देत होतो. रस निम्म्यावर आटला तेव्हाच नेहमीच्या मानाने जवळजवळ पाचवा हिस्सा जळण शिल्लक असल्याचे दिसत होते.

त्या आदणाचे गुळवे, म्हणजे गूळ उतरवणारे कारागीर, साठीच्या पुढचे होते आणि सगळे त्यांना मामा म्हणत. त्यांच्याकडे थर्मामीटर नव्हता. काकवी दाट झाली की ते थोडीशी गार पाण्यात टाकत आणि बोटांनी गोळी वळून पाहत. गूळ उतरवायची वेळ साधारण ११८ अंशांच्या आसपास येते आणि शेवटचे काही अंश सगळ्यात दगाबाज असतात. त्या वेळी जाळ तोडतात, म्हणजे चिपाड घालणे थांबवतात. चिपाडाची आग पोरकट असते, खायला मिळाले नाही की मिनिटभरात बसते. आमच्या चुलवाणात मात्र आग बसली तरी विटा लालच राहिल्या आणि तळाच्या पट्ट्या काहिलीला उष्णता पोचवीत राहिल्या. मामांनी पहिली गोळी पाहिली, दुसरी पाहिली आणि तिसरी पाण्यात टाकण्याआधीच मान वर केली.

“सर, जाळ तोडला, पर काहील काय ऐकंना. ह्यो आता करपतोय.”

माणसे धावली, काहील उलथली, पण गूळ थंड करायच्या वाफ्यात पसरला तो गूळ तपकिरी होता. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण सौद्यात त्याला भाव मिळतो तो पिवळ्या रंगाला. गुजरातचा व्यापारी रवा, म्हणजे गुळाची ढेप, फोडून पाहतो तेव्हा कोणी किती चिपाड वाचवले ते विचारत नाही. मालकांनी मला एका शब्दाने बोलून दाखवले नाही, आणि ते बोलले असते तर बरे झाले असते. अनुदानात ‘उपभोग्य वस्तू’, ‘प्रवास’ आणि ‘आकस्मिक’ अशी शीर्षे होती. बिघडलेल्या आदणाची भरपाई त्यांपैकी कशात घालावी हे आमच्या लेखाविभागाला सांगता येईना, तेव्हा ती मी खिशातून दिली.

आढावा समितीसमोर मी औष्णिक कार्यक्षमतेचा आकडा ठेवला. तो उद्दिष्टापेक्षा वरचा होता आणि तो खोटा नव्हता. गुळाच्या रंगाचा उल्लेख मी ‘इतर निरीक्षणे’ या मथळ्याखाली चार ओळींत केला. एका सदस्यांनी त्या ओळी वाचल्या आणि ही बाब प्रकल्पाच्या व्याप्तीबाहेरची असल्याचे सौजन्याने सांगितले. त्यावर मी वाद घातला नाही. दुसरा हप्ता यायचा होता.

तिकडे गुऱ्हाळावर, आदण बिघडल्याच्या दुसऱ्याच दिवशी, मामा चुलवाणापाशी उकिडवे बसून झडप उघडमीट करून पाहत होते. त्यांनी एकच सूचना केली: काहिलीच्या काठाखाली वीतभर भोक ठेवावे आणि गोळी जमू लागली की ते उघडावे, म्हणजे गार वारा आत शिरून तळ निवेल. दोन वर्षे मी जी फाजील हवा बाहेर ठेवण्यासाठी धडपडत होतो, तीच त्यांना शेवटच्या दहा मिनिटांसाठी परत हवी होती. आम्ही विटा काढून तेवढी खिडकी केली. त्यानंतरच्या चारही आदणांचा गूळ पिवळा उतरला आणि वाचलेल्या जळणातला थोडा भाग पुन्हा गेला. किती गेला, हे मी काटेकोरपणे मोजले आहे. तो आकडा अंतिम अहवालाच्या कोणत्या रकान्यात भरायचा, ते मात्र अजून ठरलेले नाही, आणि अहवालाची मुदत पुढच्या महिन्यात संपते.