तुम्ही विचारलंत म्हणून : फसलेल्या प्रीक्वेलवर एवढा राग कशासाठी?

‘एवढं तुटून पडण्यासारखं त्यात काय होतं?’ विज्ञानपटांच्या प्रीक्वेलबद्दल, म्हणजे मूळ चित्रपटाच्या आधीची गोष्ट सांगायला नंतर काढलेल्या चित्रपटांबद्दल, मी काही लिहिले किंवा बोललो की हा प्रश्न हमखास येतो. कधी दादरला चित्रपट मंडळाच्या कार्यक्रमानंतर चहा घेताना, कधी लोकलमध्ये, तर कधी घरातल्याच तरुण मंडळींकडून. विचारणाऱ्यांचे म्हणणे असे असते, की हे चित्रपट मुळात मुलांच्या करमणुकीसाठी काढलेले, त्यांत शेकडो माणसांनी वर्षानुवर्षे कष्ट घातलेले, आणि मूळ चित्रपट काही कोणी हिरावून नेलेला नाही, तो हवा तेव्हा पाहता येतो. मग नव्यावर एवढी आगपाखड का करायची? या म्हणण्यात तथ्य आहे. तरीही कठोर टीका व्हावी असेच माझे मत आहे. मात्र ती कशावर आणि कोणावर, हे टीका करणाऱ्याला नीट ठाऊक असले पाहिजे, आणि बहुतेकांची गाडी नेमकी तिथेच घसरते.

आधी एक गैरसमज बाजूला करतो. शेवट आधीच माहीत असल्यामुळे प्रीक्वेल फसतो, असे सर्रास म्हटले जाते. जिथे कीर्तनकार पिढ्यानपिढ्या तीच आख्याने रंगवत आले आहेत, तिथल्या श्रोत्याला तरी हे पटू नये. कर्णाच्या रथाचे चाक रुतणार हे देवळात मागच्या खांबाला टेकून बसलेल्या आजीलाही माहीत असते, तरी ती जागची हलत नाही, कारण चाक रुतेपर्यंत कर्ण कसा वागतो हेच तिला ऐकायचे असते. ‘स्टार वॉर्स’ मालिकेतल्या २०१६ च्या ‘रोग वन’ या प्रीक्वेलने हे ओळखले होते. डेथ स्टार या ग्रह उडवणाऱ्या महाकाय अवकाशतळाचे आराखडे बंडखोरांच्या हाती लागणार, हे १९७७ च्या मूळ चित्रपटापासून जगाला ठाऊक होते. त्या आराखड्यांपायी जीव देणारी माणसे मात्र आपल्याला पहिल्यांदाच भेटली, आणि यांतले कोणी परतणार नाही हे उमगल्यावरही खुर्चीतून उठावेसे वाटले नाही.

आता फसलेल्यांकडे वळतो. जॉर्ज लुकास यांचा ‘द फँटम मेनस’ हा ‘स्टार वॉर्स’चा प्रीक्वेल १९९९ साली आला, तेव्हा सुरुवातीला पडद्यावर सरकत जाणाऱ्या त्या पिवळ्या अक्षरांत व्यापारी मार्गांवरील कराच्या वादाचा उल्लेख वाचून अनेकांनी नाक मुरडले. विज्ञानपटात कर कसला, असा त्यांचा सूर होता. ही टीका मला कधीच पटली नाही. मुलुंडच्या जकात नाक्यावरच्या ट्रकच्या रांगा ज्याने पाहिल्या आहेत, त्या मुंबईकराला करावरून माणसे किती हातघाईवर येतात हे वेगळे सांगावे लागत नाही. विषय उत्तमच होता. घोटाळा पुढे झाला. नाबू ग्रहाची नाकेबंदी होते, लोक मोठ्या संख्येने मरत आहेत असा निरोप येतो, आणि दोन तासांहून लांब असलेल्या या चित्रपटात त्या नाकेबंदीने उपाशी राहिलेले एकही घर आपल्याला दिसत नाही. राणी जिच्यासाठी जिवाचे रान करते ती प्रजाच आपण पाहिलेली नसते. त्यामुळे सिनेटमधली भाषणे कितीही भव्य सभागृहात झाली तरी कानावरून जातात. ‘कंटाळवाणा’ एवढाच शिक्का मारण्यापेक्षा कंटाळा नेमका कुठून शिरला हे दाखवणे, याला मी कठोरपणा म्हणतो.

मिडिक्लोरियनचे, म्हणजे या चित्रपटाने कल्पिलेल्या रक्तातल्या सूक्ष्म जीवांचे, प्रकरण मला अधिक गंभीर वाटते. याच मालिकेतल्या १९८० च्या चित्रपटात दलदलीत राहणारा वृद्ध गुरू योडा तरुण नायक ल्यूकला शिकवतो, की ‘फोर्स’ ही अदृश्य शक्ती आपल्या सर्वांना वेढून आहे, दगडात आणि झाडातही आहे, आणि मन स्थिर करता आले तर तिच्या बळावर चिखलात रुतलेले यानही उचलता येते. १९९९ मध्ये मात्र क्वाय-गॉन हा दुसरा गुरू लहानग्या अनाकिनच्या, म्हणजे ल्यूकच्या भावी वडिलांच्या, रक्ताचा थेंब तपासायला पाठवतो, आणि रिपोर्ट येतो की त्याच्या मिडिक्लोरियनची संख्या २०,००० च्या वर आहे, योडाचीसुद्धा तेवढी नाही. जे साधनेने मिळते असे वाटत होते, ते एकदम रक्तात मोजण्याजोगे झाले. अधिकार जन्माने ठरतो की साधनेने, हा वाद आपल्याकडे संतांच्या काळापासून चालत आलेला असल्यामुळे असेल कदाचित, पण हे दृश्य मला तेव्हाही खटकले आणि आजही खटकते. न्यायाने बोलायचे तर ‘ही शक्ती आमच्या घराण्यातच आहे’ अशा अर्थाचे बोलणे १९८३ च्या चित्रपटात ल्यूकच्याच तोंडी आले होते, म्हणजे बीज जुनेच होते. पण नंतरच्या चित्रपटाने त्या बीजाला खतपाणी घातले, आणि यावर कडक शब्दांत बोलण्याचा प्रेक्षकाला हक्क आहे.

विज्ञानपटाला आणखी एक पथ्य असते. त्यातले जग कितीही अद्भुत असो, त्या जगातल्या जाणकारांनी जाणकारांसारखे वागले पाहिजे. रिडली स्कॉट यांच्या १९७९ च्या ‘एलियन’मध्ये मालवाहू यानावरची साधी नोकरदार माणसे होती, पगाराच्या वाट्यावरून कुरकुरणारी, आणि त्यांतली रिप्ली बाधित सहकाऱ्याला विलगीकरणाचा नियम मोडून आत घ्यायला ठाम नकार देते. त्याच स्कॉट यांनी २०१२ मध्ये त्याचा प्रीक्वेल ‘प्रोमीथिअस’ काढला. त्यात खास निवडून आणलेले शास्त्रज्ञ परक्या ग्रहावर हवा श्वसनायोग्य दिसताच हेल्मेट काढतात. स्वतः सोडलेल्या यंत्रांनी ज्या बोगद्यांचा नकाशा बनवला, त्यांतच भूशास्त्रज्ञ वाट चुकतो. आणि त्याच्यासोबतचा जीवशास्त्रज्ञ फणा काढलेल्या अनोळखी प्राण्याला लाडाने हात लावायला जातो. आपल्याकडे शेतातले पोरही असे करणार नाही. चित्रीकरण देखणे आहे, मायकल फासबेंडरचा यंत्रमानव डेव्हिड तर अप्रतिम आहे, पण म्हणूनच हा निष्काळजीपणा माफ करवत नाही. साधने तुटपुंजी होती अशी सबब इथे चालत नाही.

आता टीका कोणावर, हा प्रश्न. जॉन कार्पेंटर यांच्या १९८२ च्या ‘द थिंग’ या अंटार्क्टिकावरच्या परग्रही जीवाच्या भयपटाचा प्रीक्वेल २०११ मध्ये आला. मूळ चित्रपटात जळून गेलेल्या नॉर्वेजियन तळावर दारात रुतलेली एक कुऱ्हाड दिसते आणि तिथे काय घडले असेल या विचारानेच अंगावर काटा येतो. नव्या चित्रपटाने ती कुऱ्हाड तिथे कशी आली हेही इमानेइतबारे दाखवले, आणि कुऱ्हाडीची भीती गेली. पण त्या चित्रपटासाठी कारागिरांनी हाताने घडवलेले, यंत्रांनी हलणारे प्राणी तयार होते, आणि त्यांतले बरेचसे नंतर संगणकीय चित्रांखाली झाकले गेले. ‘प्राणी खोटे वाटतात’ म्हणून त्या कारागिरांना बोल लावणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

याहून वाईट प्रकार ‘द फँटम मेनस’च्या वाट्याला आला. जार जार बिंक्स हे संगणकाने रेखाटलेले विनोदी पात्र साकारणारे अहमद बेस्ट पडद्यावर स्वतःच्या चेहऱ्याने दिसतही नव्हते, तरी त्यांच्यावर इतका विखार ओतला गेला की त्या काळात जीवन संपवण्याचा विचार मनात आला होता, असे त्यांनी २०१८ मध्ये जाहीरपणे सांगितले. अनाकिन झालेल्या जेक लॉइड या शाळकरी मुलाला शाळेतली मुले चिडवत, आणि त्याने पुढे अभिनय सोडला. त्याच्या तोंडचे संवाद त्याने लिहिले नव्हते. लिहिणारे आणि दिग्दर्शन करणारे लुकास होते, आणि त्यांच्यावरच्या टीकेने त्यांच्या गल्ल्याला धक्का लागला नाही. चित्रपटाने पहिल्याच प्रदर्शनात जगभरात ९० कोटी डॉलरहून अधिक कमाई केली. शेकडो माणसांच्या कष्टांचा मुद्दा मला मान्य आहे तो याच अर्थाने. ज्याच्या हातात निर्णय आहे त्याला कडक जाब विचारावा, बाकीच्यांना नाही. मुंबईतल्या मल्टिप्लेक्समध्ये दुपारचा एखादा खेळ कसाबसा मिळालेल्या मराठी चित्रपटाबद्दल लिहिताना मी हात आखडता घेतो, असे काही जण म्हणतात. घेतोच. तिथे एका तिखट वाक्याने तो एकुलता खेळही जाऊ शकतो.

कठोर टीकाही चुकते, हे अर्थात खरे आहे. कार्पेंटर यांचा ‘द थिंग’ आणि स्कॉट यांचा ‘ब्लेड रनर’ अमेरिकेत एकाच दिवशी, २५ जून १९८२ रोजी, प्रदर्शित झाले, दोन्हींवर समीक्षकांनी बरेच कोरडे ओढले, आणि आज दोन्ही अभिजात मानले जातात. त्या वेळच्या ‘द थिंग’च्या अनेक परीक्षणांत किळस आल्याची तक्रार आहे, ती किळस कशासाठी योजली आहे, हा विचार क्वचितच आहे. ‘प्रोमीथिअस’मधल्या हेल्मेटचे असे काही स्पष्टीकरण काळाच्या ओघात मिळेल, असे मला वाटत नाही. मिळाले तर आनंदाने वाचीन.

राहिला मुलांचा मुद्दा. मुलांसाठी आहे म्हणून पातळ चालेल, हा युक्तिवाद मुलांचाच अपमान करतो. शिवाय १९९९ साली ज्यांनी तो चित्रपट लहानपणी पाहिला ते आता तिशीत-चाळिशीत आहेत, त्यांचे त्यावर मनापासून प्रेम आहे, आणि त्या प्रेमाला जागाही आहे. त्यातली पॉड या वेगवान यानांची शर्यत अजून श्वास रोखायला लावते. शेवटच्या तिहेरी द्वंद्वाला जॉन विल्यम्स यांनी दिलेले समूहगान संस्कृत शब्दांत आहे, हे सांगितले की आमच्या घरातली मुले तो प्रसंग पुन्हा लावून कान देऊन ऐकतात, आणि एकही शब्द ओळखता येत नाही म्हणून माझ्याकडेच संशयाने पाहतात. तेव्हा मुलांना हा चित्रपट दाखवावा का, असे कोणी विचारले तर मी खुशाल दाखवा असे सांगतो. शर्यतीनंतर सिनेटमध्ये डोळा लागलाच तर झोपू द्यावे, आणि द्वंद्वाला उठवावे.