बिआरित्सला परिषदेसाठी जाताय? मग आधी ‘गार द्यू मिदी’ची गोष्ट ऐका

‘नोंदणी संध्याकाळी 5 ते 7, गार द्यू मिदी,’ असा संयोजकांचा मेल आला होता. ‘गार’ म्हणजे रेल्वे स्टेशन, एवढं फ्रेंच मला येत होतं. म्हटलं, सोयच झाली. गाडीतून उतरायचं, बिल्ला गळ्यात घालायचा आणि हॉटेल गाठायचं. 2025 च्या जूनमध्ये फ्रान्सच्या नैऋत्य किनाऱ्यावरच्या बिआरित्सच्या स्टेशनावर उतरून मी आणि आमचे सर पोस्टरची नळकांडी काखेत मारून पंधरा मिनिटं नोंदणीचं टेबल शोधत होतो. शेवटी तिकीट खिडकीतल्या बाईंना विचारलं. त्या हसल्या. गार द्यू मिदी हे गावातलं जुनं स्टेशन. तिथून 1980 नंतर एकही गाडी सुटलेली नाही, आता तिथे नाट्यगृह आहे. आम्ही उभे होतो ते स्टेशन ला नेग्रेस भागात, गावापासून तीनेक किलोमीटर लांब. तेव्हा पहिला सल्ला हाच: नकाशात ठिकाण पाहून ठेवा, नुसत्या नावावर जाऊ नका.

परिषदा गावात तीन-चार ठिकाणी विखुरलेल्या असतात. मोठं सभागृह म्हणजे बेलव्ह्यू, ग्रांद प्लाज या मुख्य किनाऱ्याच्या अगदी डोक्यावर. ऑगस्ट 2019 मधली जी-7 शिखर परिषद याच गावात झाली होती आणि खास निमंत्रित म्हणून आपले पंतप्रधानही आले होते. खाली वाळूला लागून 1929 चा कॅसिनो आहे, त्यातही सभा भरतात. प्रदर्शन वगैरे असेल तर इराती नावाचा हॉल, तो मात्र विमानतळाच्या बाजूला. एकाच परिषदेची सत्रं दोन ठिकाणी असतील तर मधला वेळ हाताशी ठेवा. नकाशावर पाचशे मीटर दिसतात, पण त्यात जिने किती ते नकाशा सांगत नाही. हे मूळचं देवमासे मारणाऱ्या कोळ्यांचं गाव, कड्यावर वसलेलं, गावाच्या बोधचिन्हावरही देवमासा आहे. किनाऱ्यावरून बाजारात जायचं म्हणजे चढायचं. सभेसाठी घेतलेले गुळगुळीत तळव्यांचे नवे बूट मी दुसऱ्या दिवशी बॅगेत टाकले ते थेट पुण्यातच काढले.

व्हिसाचं थोडक्यात. फ्रान्ससह युरोपातल्या बहुतेक देशांत चालणाऱ्या ‘शेंगेन’ व्हिसाचं शुल्क जून 2024 पासून 90 युरो आहे, प्रवास विमा किमान 30 हजार युरोंचा लागतो, आणि अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. जूनची परिषद असेल तर एप्रिलवर विसंबू नका. तेव्हा उन्हाळी सुट्टीला युरोप टूरवर निघालेलं अर्धं महाराष्ट्र तुमच्या पुढे रांगेत असतं. निमंत्रणपत्रात राहण्याचा आणि प्रवासाचा खर्च कोण करणार हे स्पष्ट लिहून मागा. आमच्या पहिल्या पत्रात ते नव्हतं, दुसरं मागवण्यात आठवडा गेला.

मुंबईहून पॅरिसला थेट विमान आहे. पुढे दोन पर्याय: पॅरिसहून विमानाने बिआरित्स, किंवा तिथल्या मोंपार्नास स्टेशनवरून टीजीव्ही, म्हणजे फ्रान्सची वेगवान रेल्वेगाडी. आम्ही गाडी घेतली, आणि पुन्हा गेले तरी गाडीच घेईन. 2017 मध्ये बोर्दोपर्यंतचा वेगवान मार्ग पूर्ण झाल्यापासून पॅरिस ते बिआरित्स चार तासांच्या थोडं वर लागतात. पण पॅरिसच्या शार्ल द गॉल विमानतळावरून मोंपार्नास गाठायला दीड तास धरा: आरईआर बी या उपनगरी गाडीने दाँफेर-रोशरो स्टेशन, तिथून मेट्रो. विमानतळाचं तिकीट वेगळं असतं, आम्ही गेलो तेव्हा ते 13 युरो होतं आणि मेट्रोची बदली त्यातच धरलेली होती. बॅगांसह जिने चढायची तयारी ठेवा. विमान उतरल्यावर चार तासांच्या आतली गाडी आरक्षित करू नका, कारण स्वस्त तिकिटाचे पैसे परत मिळतीलच असं नाही. फलाटाचा क्रमांक गाडी सुटण्याआधी वीसेक मिनिटंच फळ्यावर लागतो आणि दारं सुटण्याच्या दोन मिनिटं आधी बंद होतात. ‘चालत्या गाडीत उडी’ ही आपली कला तिथे उपयोगाची नाही. बऱ्याचदा दोन गाड्या एकमेकींना जोडलेल्या असतात आणि वाटेत सुटून वेगळ्या दिशांना जातात, म्हणून डब्याचा क्रमांक पाहूनच चढा. प्रत्येक बॅगेवर नावाची चिठ्ठी हवी, हा तिथला नियम आहे.

राहण्याबद्दल माझं मत ठाम आहे. खर्च संस्था करत असेल तर खुशाल गावात राहा. स्वतःच्या खिशातून जाणार असेल तर बायोनला राहा. संयोजकांनी सुचवलेल्या हॉटेलांचे दर पाहून सरांनी फक्त चष्मा काढला आणि पुसला. बायोन शेजारचंच जुनं शहर आहे, दोन नद्यांच्या संगमावर. बिआरित्सच्या नगरपालिकेजवळून तिकडे टी-1 नावाची लांबलचक विजेवर चालणारी बस जाते. अर्ध्या-पाऊण तासाचा प्रवास आहे. या भागातल्या बससेवेचं नाव ‘चिक-चाक’, लिहिताना मात्र बास्क या स्थानिक भाषेच्या स्पेलिंगमध्ये असतं, त्यामुळे थांब्यावरचं नाव वाचून गोंधळू नका. बायोनला टीजीव्हीही थांबते. फक्त जुलैच्या मध्यात तिथली जत्रा असते, पाच दिवस सगळं गाव पांढरे कपडे आणि लाल रुमाल घालून रस्त्यावर उतरतं. त्या दिवसांत ना खोली मिळेल ना झोप.

आता पाऊस. फ्रान्सचा समुद्रकिनारा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कान आणि नीस या शहरांतलं ऊन येतं. ती भूमध्य समुद्रावर. बिआरित्स अटलांटिकवर आहे, पाठीशी पिरेनीजचे डोंगर, त्यामुळे हिरवंगार आणि बाराही महिने कधीही ओलं. जूनमध्येही सकाळी झिमझिम, दुपारी लख्ख ऊन, संध्याकाळी वारा. त्या झिमझिमीला इथे ‘सिरिमिरी’ म्हणतात. मी सरांना म्हटलं, आपल्याकडे चिरीमिरी टेबलाखालून देतात, इथे आकाशातून येते. वाऱ्यात छत्री उलटी होते. टोपीचं जर्किन घ्या, आणि पोस्टर कागदावर नको, कापडावर छापून घ्या. घडी करून बॅगेत मावतं आणि भिजलं तर वाळतं. हे आम्हाला शेजारच्या पोस्टरवाल्या मुलीने शिकवलं, तेही आमचा कागद लाटेसारखा फुगल्यावर.

आपल्या लॅपटॉपची जाड तीन पिनांची वायर तिथल्या सॉकेटमध्ये बसत नाही. मोबाइल चार्जरच्या दोन बारीक पिना बसतात. अडॅप्टर इथूनच न्या.

जेवणाच्या वेळा पाळा. दुपारी बारा ते दोन, रात्री साडेसातनंतर. मधल्या वेळात स्वयंपाकघरं बंद असतात आणि साडेतीन वाजता तुम्हाला कॉफीपलीकडे काही मिळत नाही. सर शुद्ध शाकाहारी, त्यांची कसरत झाली. पिपेराद हा मिरची-टोमॅटोचा रस्सेदार प्रकार, त्यात अंडं असतं आणि वर बहुधा हॅम ठेवतात, ते आधीच सांगावं लागतं. आशोआ नावाचा खिम्यासारखा पदार्थ वासराच्या मांसाचा असतो, ज्यांना चालत नाही त्यांनी नाव लक्षात ठेवा. सर शेवटी मंडईत रमले. गावाच्या मधोमध 1885 पासूनची मंडई आहे, सकाळी जा. मेंढीच्या दुधाचं ओसो-इराती चीज आणि त्याबरोबर काळ्या चेरीचा मुरंबा, पाव, फळं, झालं जेवण. एस्पलेत गावची मिरची इथे सगळीकडे दिसते, घरांच्या भिंतींवर माळा टांगलेल्या असतात. दिसायला ब्याडगीची बहीण, पण तिखटपणात आपलं पोरसुद्धा रडणार नाही. बसल्यावर ‘कराफ दो’ मागा, नळाचं पाणी फुकट मिळतं. बाटली मागितलीत तर बिल येतं. आणि दुकानात शिरताना ‘बोंझूर’ म्हटल्याशिवाय प्रश्न विचारू नका. आमच्या अनुभवात त्या एका शब्दाने समोरच्याचं इंग्रजी सुधारतं.

मोकळ्या वेळात काय? जूनमध्ये सूर्य पावणेदहाच्या सुमाराला मावळतो, म्हणजे सत्रं संपल्यावरही चार तास हाताशी असतात. दीपगृहाच्या 248 पायऱ्या चढून या, 1834 चं आहे ते, वरून एका बाजूला लांद भागाचा सपाट वाळूचा किनारा आणि दुसऱ्या बाजूला स्पेनचे डोंगर दिसतात. रोशे द ला व्हिएर्ज या खडकापर्यंत छोटा पूल आहे, पण लाटा मोठ्या असतील तर तो बंद करतात. ओतेल द्यू पाले बाहेरूनच पाहिलं: तिसऱ्या नेपोलियनने सम्राज्ञी युजेनीसाठी बांधलेला महाल, 1903 च्या आगीनंतर नव्याने उभारलेला.

मला सगळ्यात जास्त आवडली ती कोत दे बास्कची पुळण. फ्रान्समध्ये सर्फिंग इथून सुरू झालं, 1957 मध्ये. पण भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहून जा. भरतीला ती पुळण जागेवर राहतच नाही, पाणी थेट बांधाला लागतं. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा चपला हातात घेऊन बांधावरच बसलो. पोहायचं असेल तर लाल-पिवळ्या दुरंगी झेंड्यांच्या मधेच, आणि लाल झेंडा असेल तर अजिबात नाही. कोकणातल्या समुद्रात पोहता येतं म्हणून इथे धाडस करू नका, ओढ जबरदस्त आहे आणि पाणी जूनमध्येही गार.

एक दिवस जादा असेल तर सान सेबास्तियान. बिआरित्सहून लोकल गाडीने आंदाय हे सीमेवरचं गाव, स्टेशनबाहेरच ‘तोपो’ ही छोटी गाडी मिळते, चाळीसेक मिनिटांत स्पेनमधल्या त्या शहरात. शेंगेन व्हिसा चालतो, पण मूळ पासपोर्ट बरोबर हवाच. या सीमेवर तपासणी होते आणि मोबाइलमधला फोटो पोलिसांना पुरत नाही. आंदायला जाताना उजवीकडची खिडकी धरा, समुद्र त्याच बाजूला आहे.

परतीचं सांगते. आमची गाडी रविवारी सकाळी लवकर होती. रविवारी बस उशिरा सुरू होतात, हे आम्हाला शनिवारी रात्री कळलं. टॅक्सी आदल्या दिवशी दुपारीच सांगून ठेवा, आणि चालकाला ‘गार’ एवढंच म्हणू नका. ‘गार ला नेग्रेस’ म्हणा.