तुम्ही विचारलंत म्हणून : ‘कन्नड कुठं शिकलात?’

बेळगावात एका पतसंस्थेच्या काउंटरवर बसतो मी. बैलहोंगल-सौंदत्तीकडचं गिऱ्हाईक आलं की कन्नडात बोलायचं, खानापूरकडचं आलं की मराठीत. रांगेतलं कुणीतरी विचारतंच, “तुम्ही मराठी ना? मग कन्नड एवढं साफ कसं?” पुण्याचे पाहुणे तर जरा संशयानंच विचारतात. “शाळेत होतं की,” म्हणून मी विषय संपवतो. शाळेत होतं हे खरं, पण ३५ मार्कांपुरतं. पूर्ण उत्तर द्यायला रांग थांबत नाही. आज रविवार आहे, म्हणून लिहितो.

पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, आम्ही खानापूरहून बेळगावला बसनं जायचो. शेजारच्या सीटवर तो. नाव लिहीत नाही, त्याला असलं काही आवडत नाही. त्याचे वडील बैलहोंगलकडून खानापूरला कौलांच्या कारखान्यात कामाला आलेले. घरी कन्नड. मराठी त्यानं गल्लीत उचललेलं, त्यामुळं शिव्या आधी आणि व्याकरण नंतर.

बसची पाटी मी तोवर चित्रासारखी ओळखायचो, वाचत नव्हतो. आपल्या अक्षरांच्या डोक्यावर सरळ रेघ असते, कन्नड अक्षरांच्या डोक्यावर बारकी शेंडी. मच्छे, पिरनवाडी अशा पाट्या मागं जायला लागल्या की तो नुसता मोठ्यानं वाचायचा. “हे बघ, हा म” वगैरे कधी केलं नाही. झोप येऊ नये म्हणून वाचतोय असं दाखवायचा. दोन महिन्यांनी मीही वाचायला लागलो. २०१४ च्या १ नोव्हेंबरला शहराचं नाव अधिकृतपणे ‘बेळगावी’ झालं तेव्हा केवढी चर्चा झाली! कन्नड पाटीवर ते आधीपासूनच ‘बेळगावि’ होतं, आणि त्यातला ‘बे’ तोकडा.

हा तोकडेपणा नीट सांगायला हवा. कन्नडात ए आणि ओ ऱ्हस्व असतात तसे दीर्घही. मराठी लिहिताना तो फरक दाखवायची सोयच नाही, मग आपल्या जिभेला तरी कुठून येणार? स्टँडवरच्या कँटीनमध्ये एकदा मी ऐटीत ऑर्डर दिली, “एरडु चहा कोडरी,” म्हणजे दोन चहा द्या. ‘को’ चांगला लांबवला. कँटीनवाला खो खो हसला. ऱ्हस्व ओ असला तर ‘कोडु’ म्हणजे दे. दीर्घ असला तर शिंग. चार पोरं वळून बघायला लागली. तो हसला नाही. पुढं होऊन त्यानं दोन बन मागितले, ‘कोड्री’ म्हणताना ओ अगदी आखूड. बस सुटल्यावर दोन्ही बन माझ्या हातात दिले. त्याला भूक नव्हतीच.

त्या बनांची आठवण मी त्याला कधी करून दिलेली नाही. तो बहुतेक विसरलाही असेल.

१ नोव्हेंबरबद्दलही लोक विचारतात, तेही दबक्या आवाजात. त्या दिवशी त्याच्या घरी राज्योत्सव, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापनेचा सण. आमच्या घरी १९५६ सालापासूनचा काळा दिवस, बाबा दंडाला काळी फीत बांधून फेरीला जायचे. त्या दिवशी आम्ही भेटायचो नाही. असं ठरवलेलं नव्हतं, पण व्हायचं. २ तारखेला सकाळी सीट धरून ठेवलेली असायची आणि प्रश्न रोजचाच, “ऊट आयता?” जेवलास का? सीमाप्रश्नावर आमचं एकमत आजही नाही, आणि ते व्हावं म्हणून दोघांनीही जिवाचा आटापिटा केला नाही.

बाबांना कन्नड वाचता यायचं नाही. जमिनीची नोटीस आली की बाजारात अर्ज लिहून देणाऱ्याकडं जायचे आणि तो सांगेल ते ऐकून यायचे. एकदा कागद घरी आला तेव्हा हा ओट्यावर बसलेला. बाबांनी जरा अवघडूनच कागद त्याच्यापुढं धरला. त्यानं तो असा वाचला की जणू मराठीतच लिहिलाय. सर्वे नंबर, हद्द, तारीख, सगळं सावकाश. मग घडी घालून म्हणाला, “काका, चष्मा न्हाई आणलो. पुढच्या खेपेला हाच वाचंल.” चष्मा त्याला कधीच नव्हता. पुढचा कागद मीच वाचला, अडखळत. तो ओट्यावर खाली मान घालून शेंगा सोलत होता. बाबा माझ्याकडं बघत होते.

मला वाटतं, कन्नडाच्या आधी मी त्याच्याकडून ही चष्म्याची थाप शिकलो. काउंटरवर म्हातारी माणसं फॉर्मवर चुकीच्या जागी अंगठा उठवतात, ‘व्याज’ला ‘वजा’ म्हणतात. मी पुढच्या वाक्यात बरोबर शब्द वापरतो आणि दुसरा फॉर्म काढतो, “पहिला जरा फाटलेलाच होता.” आमच्या नव्या क्लार्क पोरीला वाटतं, मी फॉर्म वाया घालवतो. वाया जातातही, तेवढं कबूल.

तो आता हुबळीत असतो. सणासुदीला येतो. मराठीतली तीन लिंगं त्याला तीस वर्षांत झेपली नाहीत, स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून विचारतो, “वहिनी, भाकरी झाला?” बायको म्हणते, “झाली की, बसा.” तो बसतो, आणि दुसरी मागताना पुन्हा, “भाकरी संपला काय?”

परवा माझी मुलगी शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि आत डोकावून ओरडली, “आई, भाकरी झाला?”