खडा टाकून बघणे

पडकी विहीर दिसली की हात आपोआप खाली जाऊन खडा शोधतो. कठडा शाबूत आहे की नाही हे नंतर. आधी वाकून बघायचं, मग खडा सोडायचा (फेकायचा नाही, सोडायचा) आणि श्वास धरून मोजायचं. मागून कुणीतरी ओरडतंच, "अरे, आसरा असतात तिथे!" तोवर खाली डुबुक झालेलं असतं.

हिशेब सोपा आहे. सेकंदांचा वर्ग करायचा, त्याला पाचाने गुणायचं आणि किंचित कमी धरायचं. २ सेकंदांना २० मीटर, ३ सेकंदांना ४४. आवाज वर यायला ४४ मीटरला सेकंदाचा जेमतेम आठवा भाग लागतो, तो सोडून दिला तरी चालतं. खरी चूक मनातल्या मोजणीत होते. ३ च्या जागी साडेतीन मोजले की तीच विहीर १६ मीटरने खोल होऊन बसते. आणि खडा वाटेत भिंतीला आपटला तर त्या आकड्याला काही अर्थ नाही, दुसरा खडा घ्यावा.

जुन्या खाणीच्या तोंडाशी मात्र हा खेळ करू नये. खाण बंद करताना पुष्कळदा उभ्या विवरात थोड्या खोलीवर आडवे ओंडके टाकत, त्यावर दगडमाती भरत, वर गवत उगवे. ओंडके आतून कुजत जातात. वरून दिसतं कुरण, आणि खाली शंभर मीटर काही नाही.

इंग्लंडच्या उत्तरेला पेनाइन डोंगरांत रूकहोप नावाचं खेडं आहे, एके काळी शिशाच्या खाणींचं. तिथे एका पोराने असेच खडे टाकले. डब्ल्यू. एच. ऑडन त्याचं नाव, पुढे इंग्रजीतला नावाजलेला कवी. १९४० साली लिहिलेल्या एका दीर्घ कवितेत तो त्या विवरापाशी परत गेला. आपण आणि आपण नसलेलं जग यांतली फट, मरणाची धास्ती, हे सगळं पहिल्यांदा तिथे कळलं, असा त्याचा दावा. खड्याला एवढं ओझं जरा जास्तच झालं असं वाटतं खरं. पण काळोखाकडून उत्तर यायला लागणारा वेळ ज्याने मोजला आहे, तो त्याच्याशी फार भांडणार नाही.

मजा अशी की या पोराला कवी व्हायचंच नव्हतं. त्याला खाणींचा इंजिनिअर व्हायचं होतं. सहा ते बारा वयात त्याने मनातल्या मनात शिशाची एक अख्खी खाण उभी केली होती, पुस्तकं आणि नकाशे मागवून. त्या खाणीत धातुकाचा (ज्यातून धातू काढतात त्या खनिजाचा) गाळ धुवायच्या यंत्राचे दोन प्रकार होते. एक दिसायला देखणं, दुसरं कामाला चोख. देखण्यावर जीव जडलेला, तरी त्याने चोख ते निवडलं, कारण आपल्या आवडीपेक्षा वास्तवाला मान द्यायचा, हे आपलं कर्तव्य आहे असं त्याला वाटलं. लिहिण्याचे पहिले धडे आपल्याला तिथेच मिळाले, असं तो पुढे सांगे.

त्या यंत्राला बडल म्हणत. आपल्याकडे तांदूळ रोळतात तेच तत्त्व. पाच-सहा मीटर व्यासाचं गोल, उथळ टाकं, तळ मधे उंच आणि कडेला उतरता. दळलेल्या दगडाचं पाणी मधोमध सोडायचं. शिशाचा धातुक पाण्याच्या साडेसात पट जड, गारगोटी अडीच पटीहून थोडी जास्त. म्हणून शिसं मध्याजवळच बसतं आणि गारगोटीचा चुरा कडेला वाहत जातो. पाणी जास्त सोडलं तर शिसंही कडेला जातं, कमी सोडलं तर गाळ शिशावरच साचतो. आणखी एक खोड म्हणजे पाणी स्वतःची वाट कोरतं. गाळावर बारीक ओघळ पडले की त्यांतून बारीक शिसं निसटतं. म्हणून वर फिरते दांडे आणि त्यांना कुंचे किंवा फडकी, ओघळ पुसत राहायला. टाकं भरलं की वर्तुळं पाडून उपसायचं: आतलं ठेवायचं, मधलं परत धुवायचं, कडेचं टाकून द्यायचं. लिहिलेलं तपासायची याहून बरी पद्धत अजून कुणी काढलेली दिसत नाही.

खाणीवरच्या कविता वाचताना एक खोड लागते. 'पाताळ', 'गर्भ', 'अनंत काळोख' असे शब्द आले की तो कवी खाणीत उतरलेला नाही हे ओळखू येतं. उतरलेला माणूस काळोखाबद्दल फारसं बोलत नाही, तो आवाजाबद्दल बोलतो.

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलच्या कथिलाच्या खाणींत 'नॉकर' नावाची भुतं राहत. हातभर उंचीचे, भिंतीआड ठकठक करणारे. कुठे त्यांची ठकठक म्हणजे पुढे धातुकाची चांगली शीर आहे, कुठे म्हणजे पळा. पेस्टी (सारण भरून भाजलेली मोठी करंजी) खाताना तिच्या कडेचा तुकडा त्यांना टाकायचा. खाली शीळ घालायची नाही. आपल्याकडे शेताच्या बांधावर नैवेद्य ठेवतात, त्यात आणि यात अंतर फार नाही.

आता ठकठक कशाची? खडकावरचा भार सरकला की तो तडकतो, आधाराला लावलेलं लाकूड दबतं. लाकडाचा गुण असा की ते मोडण्याआधी बोलतं. आधी बारीक करकर, मग तंतू तुटल्याची टकटक, मग चांगला कडाका. तेवढ्यात चार पावलं मागे येता येतं. लोखंडी खांब बिचारा कर्तव्यदक्ष, शेवटपर्यंत गप्प राहतो आणि मग एकदम वाकतो. म्हणून लोखंड मजबूत असूनही जुने खाणकामगार लाकडावर जास्त भरवसा ठेवत. आणि शीळ कोणी घालत असेल तर ती करकर ऐकू कशी येणार? नॉकरला शिळेचा राग येतो तो असा. भुताची गोष्ट खरवडली की आत बऱ्याचदा सुरक्षेचा नियम निघतो. सगळ्याच गोष्टींत निघत नाही, हेही सांगायला हवं. नाहीतर आपण प्रत्येक मुंजाला इंजिनिअर करून ठेवू.

इंग्लंडमधल्याच डर्बीशरच्या शिशाच्या खाणींत भूत वेगळं, 'म्हातारबा'. म्हणजे आपल्या आधी इथे खणून गेलेले सगळे जण, आणि त्यांनी खणलेली जागासुद्धा. नवं खणताना अचानक जुनी पोकळी लागली की म्हणायचं, म्हातारबा इथवर आला होता. त्याची देणगी धोक्याची. निकामी दगड वर काढायला पैसे पडत, म्हणून तो रिकाम्या शिरेत आडवी लाकडं ठोकून त्यांवर रचून ठेवी. दीड-दोनशे वर्षांनी ती लाकडं कुजलेली, वर कित्येक टन दगड, आणि खालून तुम्ही मेणबत्ती घेऊन चाललेले. पूर्वजांना घाबरायचं याहून सबळ कारण कुठल्या पितृपक्षात नसेल.

जर्मन खाणींतलं भूत म्हणजे कोबोल्ड. चांदीसारखा दिसणारा दगड भट्टीत घालावा तर चांदी नाहीच, वर आर्सेनिकचा विषारी धूर. कोबोल्डने चांदी पळवली, ठरलं. १७३०च्या दशकात स्वीडनच्या ब्रांटने त्यातून नवा धातू वेगळा केला, आणि त्याला नाव उरलं कोबाल्ट. खिशातल्या फोनच्या बॅटरीत बहुधा तोच बसलेला आहे.

स्वीडनच्याच फालूनच्या तांब्याच्या खाणीत १६७७ साली बेपत्ता झालेला तरुण १७१९ मध्ये सापडला, जसाच्या तसा. मोरचुदाच्या पाण्यात शरीर कुजलं नव्हतं. ओळखलं ते त्याच्याशी लग्न ठरलेल्या बाईने, तोवर ती म्हातारी झालेली. जर्मन कवी-कथाकारांनी ही गोष्ट पुन्हा पुन्हा लिहिली. तो मात्र त्यानंतर कित्येक वर्षं लोकांना बघायला ठेवलेला होता. त्यावर कविता कमी.

कोळशाच्या भूमिगत खाणींत आजही मायनिंग सरदार (सुरक्षा बघणारा मुकादम) काठीने छत ठोकून बघतो. एक तळवा छताला टेकवायचा, दुसऱ्या हाताने ठोकायचं. खणखणीत वाजलं तर ठीक. बद्द वाजलं आणि तळव्याला थरथर लागली तर वरचा थर सुटलाय, पाडा किंवा टेकू द्या. बाजारात माठ घेताना आपण टिचकी मारतो, तसंच. आता छताला पोलादी बोल्ट मारतात, लाकडी खांब कमी झाले. बोल्ट मारलेल्या छतात नॉकर राहायला येतील का, शंका आहे.

विहिरींचंही तसंच. पाच परस (पाच पुरुष उंचीएवढी) खोल म्हणून जिची ख्याती, तिच्यात खडा सोडावा, तर अर्ध्या सेकंदात फस्स आवाज येतो. अर्धा सेकंद म्हणजे सव्वा मीटर. प्लास्टिकच्या पिशव्या, निर्माल्य, एक जुनी गादी. आसरा कुठे गेल्या असतील कोण जाणे.