वार्दाबाईंची गल्ली

पॅरिसमध्ये आमच्या घरापासून दहा मिनिटांवर ऱ्यू दागेर नावाची गल्ली आहे. चीजवाला, मासेवाला, फुलवाली, कोपऱ्यावर कॅफे. तशीच पुढे गेलं की गुलाबी-जांभळट भिंतीचं एक बुटकं घर लागतं. फ्रेंच सिनेदिग्दर्शिका आन्येस वार्दा इथे राहायच्या. साठहून जास्त वर्षं, 2019 मध्ये जाईपर्यंत.

जन्म बेल्जियमचा, 1928 चा. युद्धात कुटुंब दक्षिण फ्रान्समधल्या सेत बंदरात आलं आणि चक्क बोटीवर राहिलं. बाई मूळच्या फोटोग्राफर, सिनेमे फारसे पाहिलेलेही नव्हते. तरी पंचविशीतच त्याच सेतच्या कोळीवाड्यात पहिला सिनेमा काढला. फ्रेंच सिनेमातल्या ‘नव्या लाटे’ची दिग्दर्शक पोरं गाजली ती त्यानंतर चार-पाच वर्षांनी, पण नाव आधी त्या पोरांचंच निघतं. असो.

मला आवडतो तो 1975 च्या सुमाराचा किस्सा. मुलगा लहान, घर सोडून लांब जाता येईना. मग बाईंनी घरातल्याच विजेच्या मीटरवरून 80-90 मीटरची वायर बाहेर ओढली आणि ती पोचेल तेवढ्याच दुकानांवर माहितीपट केला! पाववाला, खाटीक, शिंपी. वायर संपली की सिनेमाची हद्द संपली.

सत्तरी ओलांडल्यावर हातात छोटा डिजिटल कॅमेरा घेऊन त्या निघाल्या ते पीक निघाल्यावर शेतात उरलेलं वेचणाऱ्यांच्या मागे. मी तो सिनेमा इंग्रजी सबटायटल्सवर पाहत होते आणि डोक्यात एकच शब्द घुमत होता: सरवा. साताऱ्याकडे आमची आजी शेंगा काढून झाल्या की दुसऱ्यांच्या रानात सरवा वेचायला जायची, पदराच्या ओटीत. सिनेमात वार्दाबाईंना शेतात फेकून दिलेल्या ढिगात पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचे बटाटे सापडतात. बाजारात असले वेडेवाकडे बटाटे चालत नाहीत. बाई ते घरी नेतात, सुरकुतू देतात, कोंब फुटू देतात. मधेच कॅमेरा स्वतःच्या सुरकुतलेल्या हातावर धरतात.

2017 मध्ये त्यांना मानद ऑस्कर मिळालं. पण इथे लोक त्यांच्या कबरीवर ठेवतात ते बटाटे. मोंपार्नासच्या दफनभूमीत त्या नवऱ्याशेजारी आहेत, दिग्दर्शक झाक देमींच्या. फाटकाबाहेरच्या रस्त्यावर शनिवारी बाजार भरतो. मागच्या खेपेला दोन किलो बटाटे घेतले, त्यातला सगळ्यात वाकडा तिथे ठेवला आणि उरलेल्यांची घरी येऊन रस्साभाजी केली.