ट्रूक्रिप्ट ते व्हेराक्रिप्ट : ७.१ए चं हेडर अखेर उलगडलं

परवा रात्री स्क्रीनवर चार बाइट उमटले : ५४ ५२ ५५ ४५. रोमन लिपीत वाचलं तर 'ट्रू'. ट्रूक्रिप्ट या डेटा कूटबद्ध करणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमच्या ७.१ए आवृत्तीचा कंटेनर (पासवर्डने कुलूपबंद केलेली फाइल) मूळ प्रोग्रॅमला हात न लावता उघडला होता. या चार बाइटांसाठी तीन आठवडे घातले होते, त्यामुळे ती ओळ बराच वेळ नुसती बघत बसलो.

नव्याने येणाऱ्यांसाठी थोडक्यात : प्रत्येक मोठ्या आवृत्तीत, शक्य तिथे तेच पर्याय ठेवून, एकाच पासवर्डचा १० एमबीचा कंटेनर बनवायचा आणि मग तो स्वतः लिहिलेल्या पायथॉन स्क्रिप्टने वाचायचा, असा हा उद्योग आहे. रिलीज नोट्स वाचून तारखा कळतात. फॉर्मॅट नेमका कुठे वळला ते मात्र बाइट बघितल्याशिवाय पटत नाही. जुन्या आवृत्त्या व्हर्च्युअल मशीनमधल्या एक्सपीवर चालवतो.

हेडर, म्हणजे कंटेनर उघडायला लागणारी माहिती असलेला सुरुवातीचा भाग, ५१२ बाइटचं. पहिले ६४ बाइट सॉल्ट (पासवर्डमध्ये मिसळायचे यादृच्छिक बाइट), तेवढेच उघडे. उरलेले ४४८ कूटबद्ध. कोणता हॅश (पासवर्डपासून किल्ली बनवताना वापरायचं गणित), कोणता सायफर (डेटा कूटबद्ध करायची पद्धत) याची कुठेही नोंद नाही. पासवर्ड दिला की प्रोग्रॅम एकेक जोडी लावून बघतो, आणि 'ट्रू' दिसलं आणि चेकसम जुळले की किल्ली बरोबर. बाहेरून बघणाऱ्याला सगळी फाइल निव्वळ यादृच्छिक बाइटांसारखी दिसते, ती यामुळेच. मला ही रचना फार आवडते.

माझं घोडं अडलं होतं एक्सटीएसपाशी, म्हणजे सायफर ठोकळ्या-ठोकळ्याने लावायच्या पद्धतीपाशी. या पद्धतीत १६ बाइटचा प्रत्येक ठोकळा कितवा आहे हेही हिशेबात धरलं जातं. मी अख्खे ५१२ बाइट एकदम दिले होते. पण मोजणी सॉल्ट संपल्यावर शून्यापासून सुरू होते, म्हणजे मी चार ठोकळे चुकत होतो. किल्ली बरोबर असूनही हाती कचराच येत होता. सॉल्ट वेगळं काढलं आणि पहिल्याच फेरीत उघडलं.

आता इतिहासाकडे. पॉल ल रू यांच्या ई४एम या आधीच्या कूटबद्धीकरण प्रोग्रॅमच्या कोडवर फेब्रुवारी २००४ मध्ये ट्रूक्रिप्ट १.० उभं राहिलं. त्याच वर्षाच्या शेवटी ३.० मध्ये लपवलेला व्हॉल्यूम (एका कंटेनरच्या आत दडवलेला दुसरा) आला, २००५ मध्ये ४.० बरोबर लिनक्स. माझ्या कामाच्या दृष्टीने मोठं वर्ष २००८. फेब्रुवारीत ५.० ने एलआरडब्ल्यू ही जुनी पद्धत सोडून एक्सटीएस घेतलं, आणि जुलैत ६.० ने व्हॉल्यूमची मांडणीच बदलली : सुरुवातीला १२८ केबी हेडरसाठी राखीव, आणि शेवटाला हेडरची राखीव प्रत. त्याआधी ५१२ बाइट संपले की लगेच डेटा. तेवढे बाइट बिघडले आणि वेगळा बॅकअप घेतलेला नसला, तर पासवर्ड पाठ असूनही सगळं गेलं. ६.० ची ही दुरुस्ती मला तिच्यातच आलेल्या लपवलेल्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या सोयीपेक्षाही मोलाची वाटते, पण तिचं नाव फारसं कोणी घेत नाही.

७.१ए फेब्रुवारी २०१२ ची, पूर्ण काम करणारी शेवटची आवृत्ती. २८ मे २०१४ ला अनामिक लेखकांनी काम थांबवलं आणि ७.२ सोडली, जी फक्त जुने व्हॉल्यूम उघडते, नवे बनवत नाही. तोवर, २०१३ पासून, मुनीर इद्रासी यांचं, ट्रूक्रिप्टच्याच कोडवर उभं राहिलेलं व्हेराक्रिप्ट सुरू झालेलं होतं. एसएचए-५१२ हा हॅश घेतला तर ट्रूक्रिप्ट पासवर्डवर पीबीकेडीएफ२ च्या (पासवर्डपासून किल्ली काढायच्या प्रक्रियेच्या) १,००० फेऱ्या करायचं. व्हेराक्रिप्ट साध्या कंटेनरला ५,००,००० करतं. माझ्या स्क्रिप्टमध्ये फरक थेट जाणवतो : ट्रूक्रिप्टचा कंटेनर एंटर दाबताच उघडतो, व्हेराक्रिप्टच्या कंटेनरसाठी थांबावं लागतं. पासवर्ड अंदाजाने शोधणाऱ्याला हेच थांबणं प्रत्येक प्रयत्नाला सोसावं लागतं.

२०१६ मध्ये क्वार्क्सलॅब या सुरक्षा कंपनीने व्हेराक्रिप्टचा कोड तपासला आणि १.१९ मध्ये बऱ्याच गोष्टी दुरुस्त झाल्या. पण आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवायची आवृत्ती २०२३ ची १.२६.७. तिच्यापासून ट्रूक्रिप्टचे व्हॉल्यूम उघडणं बंद झालं, आणि राइपएमडी-१६० सुद्धा काढलं. म्हणजे त्या हॅशने बनवलेला व्हेराक्रिप्टचा स्वतःचा जुना कंटेनरही नव्या आवृत्तीत उघडत नाही. जुनं ओझं उतरवण्यामागचं कारण मला मान्य आहे. तरी कपाटात जुनी डिस्क असेल तर आधी १.२५.९ ने ती उघडून बघा आणि डेटा नव्या व्हॉल्यूममध्ये हलवा.

पुढचा कंटेनर ट्रूक्रिप्ट ५.० चा. त्यात लपवलेल्या व्हॉल्यूमचं हेडर फाइलच्या शेवटापासून १,५३६ बाइट आधी असतं, ६.० पासून ते सुरुवातीपासून ६५,५३६ व्या बाइटवर गेलं. स्क्रिप्टला दोन्ही जागा बघायला शिकवतोय. १.२५.९ चा इन्स्टॉलर सही तपासून कंटेनरांच्याच फोल्डरमध्ये ठेवला आहे.