‘थोडा मोठा’ म्हणजे किती?

२१ सप्टेंबर २००३ हा रविवार होता. मी तेव्हा ज्या तारांगणात निवेदक होतो, तेथे त्या महिन्यात एरवीपेक्षा अधिक गर्दी असे. कारण ऑगस्टच्या अखेरीस मंगळ सुमारे ६०,००० वर्षांत आला नव्हता इतका पृथ्वीजवळ आला होता आणि पावसाळी ढगांमुळे ज्यांना तो दिसला नाही, ते निदान घुमटाखाली पाहू म्हणून येत. त्या दिवशी मात्र पहिल्या खेळापासून लोक विचारत होते ते गुरूविषयी. नासाचे गॅलिलिओ यान त्याच रात्री, आपल्या घड्याळाप्रमाणे मध्यरात्र उलटल्यावर, गुरूच्या वातावरणात शिरून नष्ट होणार होते, आणि यानातील प्लुटोनियममुळे गुरू पेटून दुसरा सूर्य होईल, ही इंटरनेटवरची अफवा आमच्या तिकीटखिडकीपर्यंत येऊन पोहोचली होती.

दुपारच्या खेळानंतर सगळे बाहेर पडले, पण रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ नातवाचा हात धरून थांबून राहिले. मी माझे ठरलेले उत्तर दिले. हे प्लुटोनियम २३८ आहे, अणुबॉम्बमध्ये प्रामुख्याने वापरतात ते २३९ नव्हे. त्याच्या सावकाश होणाऱ्या ऱ्हासातून निघणाऱ्या उष्णतेवर यानाला वीज मिळते, एवढाच त्याचा उपयोग. शिवाय जुलै १९९४ मध्ये शूमेकर-लेव्ही ९ या धूमकेतूचे तुकडे गुरूवर आदळले, तेव्हा जगातील सर्व अण्वस्त्रांच्या कितीतरी पट ऊर्जा तेथे मोकळी झाली, पृथ्वीएवढे काळे डाग उमटले आणि काही महिन्यांत विरूनही गेले. गंमत म्हणजे ते आघात वाटेवरून टिपणाऱ्यांत हेच गॅलिलिओ यान होते.

गृहस्थांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “ते पटलं, साहेब. पण आत्ता तुमच्याच कार्यक्रमात सांगितलं, की गुरू थोडा मोठा असता तर तारा झाला असता. मग थोडा म्हणजे किती?”

ते वाक्य आमच्या ध्वनिमुद्रित निवेदनात होते, आणि संहिता लिहिणाऱ्यांपैकी मी एक होतो. अफवेला हसत होतो, पण तिच्यासाठी जमीन आम्हीच नांगरून ठेवली होती, हे त्या प्रश्नाने लक्षात आले.

मी त्यांना कार्यालयात नेऊन बसवले आणि कागदावर आकडे मांडले. गुरूचे वस्तुमान पृथ्वीच्या ३१८ पट आहे खरे, पण सूर्याच्या ते हजारावा भागही भरत नाही. ताऱ्याला तेज देणारे हायड्रोजनचे संमीलन, म्हणजे अणुकेंद्रे जुळून ऊर्जा निघणे, गाभ्यात सुरू होऊन टिकायचे असेल, तर आजच्या गुरूसारखे सुमारे ७५ ते ८० गुरू एकत्र यावे लागतील. सूर्यमालेतील इतर सगळे ग्रह गुरूवर ओतले, तरी त्याचे वस्तुमान दीडपटही होत नाही. उरलेला माल आणायचा कोठून? सूर्याच्या गाभ्याचे तापमान सुमारे दीड कोटी अंश आहे, तर गुरूच्या गाभ्याचे काही दशसहस्र अंशांच्या घरात. गुरूला सूर्याकडून मिळते त्याहून अधिक उष्णता तो बाहेर टाकतो, हेही खरे. पण ती जन्मवेळची शिल्लक आणि सावकाश आकुंचनाची ऊब आहे, संमीलनाची नव्हे.

“म्हणजे काडी लावून उपयोग नाही, वजनच कमी पडतंय,” ते म्हणाले. मला याहून नेमके सांगता आले नसते.

‘मोठा’ हा शब्दही चुकीचाच होता. गुरूवर वस्तुमान चढवत गेलो तर तो फारसा फुगत नाही. गोधड्यांच्या चळतीवर आणखी गोधड्या रचाव्यात आणि खालच्या दबून उंची तेवढीच राहावी, तसे होते. गुरूच्या १३ पटींच्या आसपास ड्युटेरियम हा जड हायड्रोजन काही काळ जळू शकतो, पण तो असतोच मुळात अल्प. त्यापुढे ७५-८० पटींपर्यंतच्या गोलांत इलेक्ट्रॉन इतके दाटतात की त्यांचाच दाब आकुंचन रोखून धरतो, आणि साधा हायड्रोजन पेटण्याइतका गाभा तापण्याआधीच सारे थंडावू लागते. भारतात जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ शिव कुमार यांनी असे गोल असावेत हे १९६० च्या दशकाच्या आरंभी गणिताने दाखवले होते. १९७५ मध्ये अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ जिल टार्टर यांनी त्यांना तपकिरी बटू हे नाव दिले, आणि ते निर्विवादपणे सापडले १९९५ मध्ये. अपयशी तारा म्हणायचेच, तर त्यांना म्हणावे. गुरू त्या परीक्षेला बसलेलाच नाही.

यान मुद्दाम का पाडतात, हे नातवाने विचारले. इंधन संपत आलेले यान पुढेमागे युरोपा या चंद्रावर आदळले, तर पृथ्वीवरचे जिवाणू तिथल्या बर्फाखालच्या समुद्रात जाण्याचा धोका होता, असे सांगितल्यावर त्याने आजोबांकडे पाहिले आणि गुरूवर जिवाणू चालतात का, असे विचारले. ते मात्र आम्ही दोघांनीही हसण्यावारी नेले.

रात्री ठरल्याप्रमाणे यान सेकंदाला सुमारे ४८ किलोमीटर वेगाने गुरूत शिरले. नवे ध्वनिमुद्रण लगेच होण्यासारखे नव्हते. म्हणून संहितेतील ‘थोडा मोठा’ खोडून ‘सुमारे ऐंशी पट जड’ असे लिहिले, आणि फीत बदलेपर्यंत प्रत्येक खेळाआधी दिवे मालवण्यापूर्वी मी ही दुरुस्ती स्वतः उभा राहून सांगत असे.